बाकी नॉर्मल

गीता मॅडमचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होते. उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा आणि दाबून बाहेर ओढायचा. धूळ पलंगावर न पडता अभ्र्यातच राहते. दोन पाती झाली होती, तिसरं राहिलं होतं.

"अपेक्षा, जुनवानीवाले स्कूल में छठी-सातवीं की साइंस टीचर जा रही है," मॅडम म्हणाल्या. "नौ से बारह, बस तीन घंटे. गुरुवार-शुक्रवार आकर क्लास लेके देख लो. शनिवार तक हाँ या ना, जो भी हो, बता देना."

मितू व्हायच्या आधी दोन वर्षं मी मॅडमच्या हाताखाली शिकवलं होतं. मी नोकरी सोडताना त्या म्हणाल्या होत्या, "बुला लूँगी." लोक असं म्हणतात, पण बोलावत नाहीत. त्यांनी बोलावलं, आणि मी स्टुलावरून खाली उतरून पंख्याकडे बघत राहिले. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की मी ते नवऱ्याला, सुमेधलासुद्धा दुपारपर्यंत सांगितलं नाही.

मितू, म्हणजे आमची मिताली, दहा महिन्यांची. रांगते. जे सापडेल ते तोंडात घालते. आणि आमच्या सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरला धुळीची काही कमी नाही. ती कुठून येते यावर प्रत्येकाचं मत वेगळं. कोणी रस्त्याला दोष देतं, कोणी रेल्वेलाइनला; शेजारचे मारोतरावकाका तर कडुनिंबालाच देतात. सकाळी खिडकीचा कठडा पुसावा आणि दुपारी त्यावर बोटानं नाव लिहावं. म्हणून मी दिवसातून चार वेळा पोछा मारत होते. फिनाइल टाकून, मग साध्या पाण्यानं, मग कोरड्या फडक्यानं. मारोतरावकाकांच्या बायको कमलिनीकाकू अंगणातून बघत असत.

"कावून वो अपेक्षा, फरशीचा रंग काढून राहिली काय?"

"मितू रांगते ना काकू."

"माह्ये तीन रांगले. एक तर माती खाऊन इंजिनियर झाला."

सुरुवातीला मी नेटवर पाहून आठवड्याचं टाइमटेबलही केलं होतं. सोमवारी स्वयंपाकघराचे डबे, मंगळवारी बेडरूम, बुधवारी बाथरूमच्या टाइल्स. फ्रिजवर लावलं, तीन रंगांत. पण आमच्या घरात मंगळवार नावाचा वार येतच नाही. इथे फर्स्ट शिफ्ट येते, सेकंड येते, नाइट येते आणि मध्येच कधीतरी ऑफ येतो. मंगळवारी बेडरूम काढायला जावं तर सुमेध नाइट करून येऊन डोक्यावर चादर घेऊन झोपलेला. मग बादलीचा आवाज नको, कुकरची शिटी नको, मितूला खुळखुळा नको. टाइमटेबल महिनाभर फ्रिजवर राहिलं. एक दिवस मितूनं त्याचा खालचा कोपरा खाल्ला. तेव्हा काढलं.

दुपारी सुमेधला फोनचं सांगितलं. तो रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इंचार्ज आहे. त्या आठवड्यात त्याची सेकंड होती, दुपारी दोन ते रात्री दहा. निघायच्या आधी जेवत होता.

"मंग जा ना," तो म्हणाला. "सकाळी मी घरीच आहो. बारापर्यंत तू येऊन जाशील."

"आणि मितू?"

"ती कुठं जाऊन राहिली? तीबी घरीच आहे."

"सुमेध, तुला माहीत तरी आहे का, ती दहाला काय खाते? पाणी कोणत्या वाटीनं पिते? झोपताना कोणतं दुपटं लागतं?"

"नाही माहीत. तू मले चार्ज दे."

हे चार्ज देणं मला आधीपासून ठाऊक होतं, पण घरात कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या मिलमध्ये शिफ्ट संपली म्हणून कोणी बॅग उचलून चालू लागत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, जाणारा त्याला चार्ज देतो: काय चालू आहे, काय अडलंय, कुठे सांभाळून. ते एका वहीत लिहितात. मग येणारा म्हणतो, 'घेतला', आणि जाणारा सुटतो. तोवर त्याला हलता येत नाही, मग घरी पाहुणे वाट बघत असोत की वरण गार होत असो.

त्या रात्री मितू झोपल्यावर मी वही घेऊन बसले आणि चार्ज लिहिला. एकतीस मुद्दे झाले. सात वाजता उठते. उठल्यावर उजव्या कडेवर घ्यावे, डाव्या घेतल्यास रडते. नऊ वाजता पोछा, फिनाइल अर्धं झाकण, जास्त नको. दहाला नाचणीचं सत्त्व, गुठळी नको, चमचा निळाच. खेळणी दर तासाला पुसणे. पिवळं बदक उभं ठेवणे, आडवं दिसलं की तिला राग येतो. सव्विसावा मुद्दा होता: खिडकीचा कठडा पुसताना तिच्याकडे पाठ करू नये. सुंदर अक्षरात लिहिलं होतं. समासही सोडला होता.

गुरुवारी सकाळी सुमेधनं ते उभ्यानंच वाचलं. वाचताना त्याच्या मिशा हलत होत्या.

"हसू नको."

"हसून नाही राहिलो. हे बदक आडवं झालं तर मी सायरन वाजवू काय?"

"सुमेध!"

तो खाली बसला. "पाह्य, अपेक्षा. मी शिफ्टमधे येतो तेव्हा चारशे गोष्टी चालू राहतात. त्या माणसानं त्या चारशेच्या चारशे लिहिल्या तर मी वाचतच नाही. जे नॉर्मल चालू आहे ते लिहायचं नाही. अर्धं काय राहिलं आणि धोका कुठं आहे, येवढंच लिहायचं. बाकी नॉर्मल."

"लहान लेकराचं काहीच नॉर्मल नसतं."

"मंग मिलचंबी नसते."

मी एकतीसाचे अठरा केले. त्याहून कमी माझ्या हातून होईना. प्रत्येक मुद्दा खोडताना वाटायचं, हाच नेमका महागात पडेल. शेवटी त्यानं वही माझ्या हातून घेतली आणि म्हणाला, "घेतला."

मी स्कूटी काढली, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. डबा विसरले म्हणाले. डबा माझ्या पिशवीत होता, त्यानं तो पाहिलाही होता. मितू त्याच्या कडेवर, डाव्या बाजूला, आणि रडत नव्हती.

"निघ वो माय," तो म्हणाला. "चार्ज देऊन जो गेटातच उभा राहतो ना, त्याच्यापायी कोणाचंच काम होत नाही."

शाळेत वर्गात शिरले आणि वीस मिनिटं मला मितू आठवली नाही. हे मी इथे खरं लिहितेय. मीठ आणि वाळू एकत्र केली तर वेगळी कशी करायची, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, "चखके, मॅम." सगळा वर्ग हसला, मीही हसले आणि मग एकदम आठवलं की मी हसतेय. मधल्या सुट्टीत तीन फोन केले. पहिल्याला तो म्हणाला, खेळते आहे. दुसऱ्याला म्हणाला, खेळतेच आहे. तिसरा उचलला नाही. त्यानंतरचा तास मी कसा घेतला, देव जाणे.

घरी आले तेव्हा केळं भिंतीला लागलेलं होतं. फरशी तशीच. नाचणीचा चमचा लाल. मितूच्या अंगावर फक्त लंगोट, आणि दोघंही जमिनीवर पालथे पडून पलंगाखाली काहीतरी बघत होते.

"फोन का नाही उचललास?"

"हात भरले होते. तिनं आंघोळीनंतर पुन्हा आंघोळीचं काम काढलं."

मी बादली घेतली. त्याचं जेवण वाढलं, तो दीडला निघून गेला, आणि मी पूर्ण घर पुसून काढलं. काकू कुंपणापाशी आल्या.

"कशी गेली शाळा?"

"शाळा चांगली गेली. घर बघा ना काकू, कसं करून ठेवलं."

काकूंनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "पोरगी धड आहे. नवरा धड आहे. भितीले केळं लागलं तर भित आजारी पडते काय?"

शुक्रवारी मी पंधरा मुद्दे लिहिले. शाळेतून एकच फोन केला, त्यानं उचलला. सातवीला आम्ल आणि आम्लारी शिकवलं, हळदीच्या कागदाला साबणाचं पाणी लावून तो लाल करून दाखवला. मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "भूली नहीं हो कुछ." मी सिविक सेंटरच्या बाजारातून मितूसाठी टोपी घेऊन, जवळजवळ गात, घरी आले.

सुमेध नेहमीसारखा डबा भरत होता. मितू झोपली होती. वही टेबलावर उघडी होती, माझ्या पंधरा मुद्द्यांखाली त्याचं पेन्सिलीनं लिहिलेलं:

सिंकखाली, पडद्यामागे, पाण्याच्या बाटलीत फिनाइल. लेबल नाही. मितू बाटलीपर्यंत पोहोचली. झाकण घट्ट होतं. बाटली रिकामी करून फेकली. बाकी नॉर्मल.

मी ते तीनदा वाचलं.

आमच्याकडे सायकलवर सुटं फिनाइल विकणारा येतो, बाटली आपण द्यायची. मी पाण्याची लिटरची बाटली दिली होती. माझी आईही तेच करायची, काकूही करतात. पांढरं, दुधासारखं. ते कशात आहे हे मला पाठ होतं, म्हणून ते मला कधी दिसलंच नाही. दिवसातून चार वेळा त्याच बाटलीतून मी अर्धं झाकण मोजून घेत होते, आणि परत तिथेच ठेवत होते. जमिनीपासून एक वीत उंचीवर. पंधरा मुद्द्यांत बदक होतं, ही बाटली नव्हती. एकतीस मुद्द्यांत फिनाइलचं माप होतं, पण ते कुठे आणि कशात आहे हे नव्हतं.

"तू मला फोन का नाही केलास?"

"फोन करून काय सांगू? तू रस्त्यानं स्कूटी पाडली असती."

"तिनं झाकण चावलं का?"

"हात लावला. मी बाजूलेच पडून होतो ना. ती ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्यानं मीबी रांगून राहिलो होतो, टाइमपास. तिच्या आधी मलेच दिसली. मले वाटलं ताक आहे, तोवर तिचा हात लागला."

मी खुर्चीवर बसले. "मी नाही जात शाळेत," मी म्हणाले. "उद्या मॅडमला नाही सांगते. जी बाई स्वतःच्या घरात..."

"थांब जरा." त्यानं डबा बंद केला. घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाठ करून माझ्यासमोर बसला. "आमच्याकडे याले निअर मिस म्हणतात. होता होता राहिलं. त्याची रिपोर्ट लिहितात. त्यात काय झालं ते राहते, आन् काय बदललं ते राहते. कोणी केलं ते नाही राहत. नाव लिहिलं ना, की पुढच्या वेळी लोक लपवतात."

"पण केलं तर मीच ना."

"मी दहा महिने त्याच घरात राहून राहिलो. मले सिंकखाली काय आहे हे आज माहीत पडलं. मंग?"

मी उठून सिंकखालचा पडदा बाजूला सारून पाहिला.

"आन् दुसरं सांगू? तू घरी राहिली असती तर आज ती बाटली तिथंच राहिली असती. तू उभी राहून साफ करते. तिथून नाही दिसत."

तो दहा मिनिटं उशिरा निघाला. मिलमध्ये त्याला चार्ज द्यायला कोणीतरी खोळंबला असेल, त्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा काळजी वाटली.

मितू उठल्यावर मी तिच्याबरोबर जमिनीवर उतरले. साडी नव्हती नशिबानं, सलवार होती. गुडघे दुखले. पण ती जिकडे गेली तिकडे मी तिच्यामागे, तिच्याच उंचीवरून गेले. तासाभरात इतकं सापडलं: सोफ्याखाली टाचणी, गॅसच्या सिलेंडरमागे झुरळांच्या औषधाची खडूची कांडी, चार्जरची लोंबती वायर, दिवाणाच्या पायाला निघालेला खिळा. पंखा चकचकीत होता, काचा चकचकीत होत्या. एक वीत उंचीखालचं घर मी दहा महिन्यांत पाहिलंच नव्हतं.

काकू साखर मागायला आल्या आणि मला दिवाणाखाली पाहून दारातच थांबल्या.

"काय वो, काय हरपलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बाटलीचंही सांगितलं, स्वतःचं नाव लपवलं नाही. काकू ऐकता ऐकता खाली बसल्या. मग उठल्या, साखर न घेताच घरी गेल्या. दोन मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात शीतपेयाची जुनी बाटली होती.

"माह्यं संडास धुवायचं अ‍ॅसिड," त्या म्हणाल्या. "नातू येते दिवाळीले. कुठं ठेवू सांग."

आम्ही दोघींनी आपापल्या बाथरूममध्ये छताजवळच्या फळीवर जागा केली. फिनाइलसाठी मी दुकानातून सीलबंद डबा आणला, त्याच्याच डब्यात ठेवायचं, दुसऱ्या कशात ओतायचं नाही. काकूंचं अ‍ॅसिड काकूंच्या फळीवर गेलं, त्यावर मी लाल पेनानं मोठ्ठं लिहिलं. वाचता न येणाऱ्यासाठी काकूंनी फुलीही काढायला लावली. फळीवर चढवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मंग शाळेचं काय ठरलं?"

"ठरवते आहे. ह्या आठवड्यात सुमेध सकाळी घरी आहे. नाइटलाही सकाळी सातला येतो. बारापर्यंत जागतो म्हणाला, मग झोपेल. पण फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो सहाला जातो ते दोनला येतो. तेव्हा काय?"

"तेव्हा मी आहो ना."

"तुमचे गुडघे..."

"रांगायले नाही जमणार. बसून पाहीन. तुह्ये काका रांगतील, रिटायर माणसाले दुसरं काम काय?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मलेबी चार्ज पाहिजे. तोंडी दे. लेखी नको, माहा चष्मा मलेच सापडत नाही."

रात्री मी नवीन टाइमटेबल लिहिलं. त्यात वार नाहीत. सेकंड असेल तेव्हा सकाळी सुमेध आणि मितू, पोछा दुपारी तो गेल्यावर, एकदाच. नाइट असेल तेव्हा आवाजाची कामं त्याच्या झोपेनंतर, संध्याकाळचं पाणी आल्यावर; दुपारभर नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं, झाडू नाही, त्यानं धूळही उडत नाही आणि तोही उठत नाही. फर्स्ट असेल तेव्हा काकू. ऑफच्या दिवशी पंखे आणि जाळी, दोघांनी मिळून. आणि रोज सकाळी, कोणतीही शिफ्ट असो, आधी जमिनीवर उतरून एक फेरी. पाच मिनिटं. ती झाली की बाकीचं घर थांबू शकतं. लिहून झाल्यावर मोजलं, सहा ओळी झाल्या होत्या.

सुमेध साडेदहाला आला. वही वाचली, हात धुतले, पुन्हा वाचली.

"ह्यात बदक नाही?"

"पडू दे."

शनिवारी अकरा वाजता मी मॅडमना फोन लावला. मितू सुमेधच्या पोटावर बसून त्याच्या मिशा ओढत होती.

"मॅडम, हाँ."

"घर पे सब सेट हो गया?"

मी हो म्हणणार होते. मग वाटलं, रोज सकाळी नऊला मी कुठून येते, बाराला कशाकडे जाते, हे त्यांना माहीत असावं. "सेट तो नहीं होगा, मॅडम. पति की शिफ्ट है, हर हफ्ते बदलती है. पर हर हफ्ते का सोच लिया है. किसी दिन छोटी को बुखार रहा तो पहले बता दूँगी."

"और सोमवार साढ़े आठ पे आ सकती हो? प्रेयर में?"

एरवी मी हो म्हणून टाकलं असतं आणि मग रात्रभर जागले असते. साडेआठला पोचायचं तर आठच्या आधी निघायचं; ती पाणी भरायची वेळ, मितूच्या खाण्याची वेळ, सुमेध नाइटवरून येऊन चहा घ्यायची वेळ.

"नहीं मॅडम," मी म्हणाले. "नौ बजे. नौ बजे पक्का."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "ठीक है. नौ."

फोन ठेवला तेव्हा सुमेध बघत होता. मी होकाराची मान डोलावली. त्यानं मितूला दोन्ही हातांनी वर उचललं आणि तिनं आनंदानं त्याच्या तोंडावर लाळ गाळली. मी सहावीचं पुस्तक काढलं आणि सोमवारचा धडा उघडून, भर दिवसा, जमिनीवर त्यांच्या शेजारीच वाचायला बसले.